सोय

सखुबाईंनी पाण्याचा गिलास दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि समोरच्या कोथिंबिरीवर उपडा केला.

लोक हसले. भाजीवालीला भाजीच आधी सुचणार, असं म्हणून अप्पासाहेबही मनापासून हसले. भाजीमंडीतल्या नव्या पाणपोईचं आज उद्घाटन होतं आणि पहिलं पाणी मंडीतल्या बायकांना द्यायचं, हा वॉर्ड समितीचे प्रमुख म्हणून त्यांचाच आग्रह होता. चार मोठे रांजण, वर पत्र्याची सावली, बाजूला वाळ्याचा पडदा आणि निळ्या पाटीवर ताजी अक्षरं : महिला सुविधा. राजधानी भोपाळला गेली ती गेलीच, पण निदान असल्या कामात तरी नव्या मध्य प्रदेशानं इंदूरकडे पाहून शिकावं, असं ते नुकतंच भाषणात म्हणाले होते.

मंचावर बसलेली मंजिरी हसली नाही. ती रांगेतल्या बाकीच्या बायकांकडे पाहत होती. मे महिन्याचं ऊन डोक्यावर होतं, प्रत्येकीच्या हातात गार पाणी होतं आणि एकीनंही गिलास तोंडाला लावला नव्हता.

घोळ एका वाक्याचा होता आणि ते वाक्य मंजिरीचं होतं. एम.ए.च्या वर्गानं वॉर्ड समितीसाठी मंडीची पाहणी केली, तेव्हा सखुबाईंनी तिला काही आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. बेटम्याहून पहाटेच्या मोटारीनं यायचं, दिवेलागणीला परत जायचं. पुरुष कुठल्याही भिंतीकडे तोंड करतात, बायकांना जायला जागा नाही; म्हणून दिवसभर पाण्याला शिवायचंच नाही. मंजिरीनं कच्च्या अहवालात सरळ ‘मुतारी’ लिहिलं. शरदचंद्र सरांनी तो शब्द खोडला. “समितीत सगळे वडीलधारे आहेत. ‘सोय’ लिहा. समजतं सगळ्यांना.” खरं सांगायचं तर तिलाही तेव्हा हायसं वाटलं होतं.

मग अहवालात आलं : सोय नसल्यामुळे मंडीतल्या स्त्रिया दिवसभर पाणी पीत नाहीत. समितीनं ते वाचलं, ती हळहळली आणि एरवी ज्याला वर्ष लागलं असतं ते काम महिन्याभरात उरकून मोकळी झाली. पाणी पीत नाहीत ना? घ्या, प्या.

“आता आपल्या कॉलेजची बेटी दोन शब्द बोलेल,” अप्पासाहेबांनी जाहीर केलं. मग तिच्याकडे वाकून हळूच म्हणाले, “बोल बेटा. तुझं काम फत्ते. आजच्या मीटिंगमध्ये ही फाइल बंद करून टाकू.”

समितीची फाइल एकदा बंद झाली की ती पुन्हा उघडायला कोण बसलंय? आणि मग सखुबाई आणखी किती उन्हाळे असा कोरडा घसा घेऊन बसणार? पण अप्पासाहेब दरवर्षी गणपतीत मंजिरीच्या घरी आरतीला येत. त्यांच्यासमोर ती कधी मोठ्यानं शिंकलीसुद्धा नव्हती. इंग्रजीत सांगावं का? इंग्रजीत काहीही म्हटलं तरी सभ्य वाटतं. पण ते सखुबाईंना कळणार नाही, आणि समिती आपल्याला कळलं असं समजून आणखी एखादी भलतीच सोय करून बसेल. सरांनी लांबूनच खूण केली, आभार मान आणि ये.

“अप्पासाहेब, पाणपोई छान आहे,” ती माइकवर म्हणाली. “पण आमच्या लिहिण्यात चूक झाली. आम्ही हे मागितलं नव्हतं. आम्ही बायकांसाठी मुता...”

“भिया, बंद कर, बंद कर!” मंचामागून कुणीतरी दबक्या आवाजात ओरडलं आणि लाउडस्पीकर गप्प झाला.

सर आपल्या बुटांकडे पाहू लागले. समितीतल्या एकानं उगाचच झेंडूची माळ सारखी केली. अप्पासाहेब कानापर्यंत लाल झाले होते. मंजिरीला वाटलं, झालं, आपल्याच्यानं जेवढं होणार होतं तेवढं झालं. तिनं उतरण्यासाठी पाऊल उचललं.

“अगं बेटा,” कोथिंबिरीच्या ढिगाआडून सखुबाईंचा आवाज आला, “आधा शब्द काय बोलतेस? इधर काही सुनाई नाही दिलं. जोर से बोल ना!”

मंजिरी थांबली. माइक सोडून ती मंचाच्या अगदी कडेला आली आणि घरी धाकट्या भावाच्या अंगावर ओरडायची त्या आवाजात म्हणाली, “मुतारी! बायकांसाठी मुतारी पाहिजे. ती नाही म्हणून या पाणी पीत नाहीत. आता पण नाही पिणार. बघा तुम्हीच.”

भाव करणारी माणसं भाव करायची थांबली. कुणी हसलं नाही. मंजिरीला रडू येत होतं आणि फार बरंही वाटत होतं.

सभा पुढे तर न्यायला हवी होती. अप्पासाहेब उठून माइकशी आले, पण घशाला कोरड पडली होती. त्यांनी टेबलावरचा गिलास उचलला, ओठांपर्यंत नेला. समोर बायकांची रांग त्यांच्याकडे बघत होती, हातातले गिलास अजून तसेच भरलेले.

अप्पासाहेबांनी आपला गिलास न पिता खाली ठेवला.