गाडीनं घेतलेला फोन

"ऑफिसचा फोन आहे बाबा, दोन मिनिटांत आलोच," म्हणत मुलगा गाडीतून उतरला आणि त्यानं दार लावून घेतलं. गाडीतल्या समोरच्या पडद्यावर मात्र ठळक अक्षरांत 'डॉक्टर' असं आलं होतं. बाबांच्या डोळ्यांवर आत्ताच दुकानातून घेतलेला नवा चष्मा होता. त्यांना ते लख्ख वाचता आलं.

गाडी आठवड्याचीच. मागच्या सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून कुणाला काढवलं नव्हतं. म्हाताऱ्याला उकडायला नको म्हणून मुलानं एसी चालू ठेवला होता, तेवढी काळजी होती हो त्याला! चष्म्याच्या दुकानाच्या पायरीशी जाऊन त्यानं फोन कानाला लावला आणि इकडे गाडीतच कुणीतरी बोलायला लागलं.

"हॅलो, रिपोर्ट आलाय. बोलू शकता ना? वडील जवळ नाहीत ना?"

बाबा दचकलेच. आवाज चारही दारांतून येत होता. बाहेर मुलगा नुसता "हॅलो, हॅलो" करत होता. फोन कानापासून काढून बघत होता, पुन्हा लावत होता. आपला फोन आपल्याच गाडीनं घेतलाय, हे काही त्याच्या डोक्यात येईना.

दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये म्हणून बाबांनी आधी ते बंदच करायला घेतलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. पडद्यावर एक लाल गोल होता. त्यावर त्यांनी बोट ठेवलं. काही नाही. दाबून धरलं. तरी काही नाही. उभा जन्म कारखान्यात लेथ मशीनवर गेलेला; बोटांची टोकं इतकी जाड आणि कोरडी झालेली, की त्या काचेच्या लेखी ती बोटंच नव्हती. मशीनला दांडा असायचा, मूठ असायची, फिरवली की हाताला कळायचं. इथे सगळीकडे नुसती गुळगुळीत काच! त्यांनी अंगठ्यानं जोर लावला, तर नकाशा उघडला. आणखी एकदा लावला, तर आवाजच मोठा झाला.

शेवटी त्यांनी खिडकीवर टकटक केली. मुलानं न बघताच हात वर केला. थांबा जरा, म्हणून.

"बरं, मी सांगतो, तुम्ही नुसतं ऐका. आपल्याला शंका होती तेच निघालं," डॉक्टर सांगत होते. "पण औषध लगेच सुरू केलं तर वर्ष-दीड वर्ष चांगलं जाईल त्यांचं. हिंडतील, फिरतील. नाही केलं तर काय, ते काल बोललोच आपण."

पोटाला जराशी सूज आहे, असं घरात सगळे हसत हसत सांगत होते. सूनबाई तर रोज सांगायची.

"तुम्ही काल म्हणालात, वडिलांनाच औषध नकोय, आता पुरे म्हणतायत. मग तसं लिहून टाकू ना? पेशंटनं नकार दिला म्हणून?"

भीती वाटली, नाही असं नाही. पण भीतीच्या आधी संताप आला. 'पुरे' असं आपण कधी म्हणालो, हे बाबा आठवून बघू लागले. जेवताना म्हणतो. वाढणाऱ्याला. तेवढंच.

"नका लिहू," ते म्हणाले.

"अं? घसा बसलाय का तुमचा?"

"हो. एसीनं."

"बरं. मग काय करायचं? मला आज कळायला हवं."

"सुरू करा."

"वडील तयार होतील? काल तर तुम्ही अगदी ठाम होतात."

"काल त्यांना कुणी विचारलंच नव्हतं."

"आणि आता विचारलंत?"

बाबांनी बाहेर पाहिलं. मुलगा फोन उंच धरून रेंज शोधत पायरीवर चढला होता. लहानपणी पतंग अडकला की असाच टाचा उंचावून उभा राहायचा.

"विचारलं," ते म्हणाले. "हो म्हणाले."

"वा, छान झालं. मग सोमवारी सकाळी घेऊन या, उपाशीपोटी. आणि हे बघा, आजाराचं नाव एवढ्यात त्यांच्या कानावर घालू नका. या वयात माणूस धसका घेतो."

"नाही घालत," बाबा म्हणाले.

फोन बंद झाला. मुलगा परत येऊन बसला आणि त्यानं दार ओढून घेतलं.

"रेंजच नाही या रस्त्याला. एक शब्द ऐकू येईल तर शपथ!"

"कुणाचा होता?"

"सांगितलं ना, ऑफिसचा." पट्टा लावता लावता त्यानं घसा साफ केला. "आणि हो, बाबा, सांगायचंच राहिलं. सकाळी डॉक्टरांशी बोललो मी. सगळं नॉर्मल आहे म्हणाले. औषध-बिवषध काही नको, घरीच आराम करू दे म्हणाले."

का रे बाळा, एवढंच बाबांना विचारायचं होतं. ते अगदी ओठांपर्यंत आलं होतं. पण त्याचं उत्तर ऐकायची हिंमत झाली नाही.

"सोमवारी सकाळी उपाशीपोटी बोलावलंय त्यांनी मला," बाबा म्हणाले. "सुट्टी काढतोस, की मी बसनं जाऊ?"