डेलबर्टची काडतुसं

आमच्या म्हाताऱ्याची, डेलबर्टची, बंदूक त्याच्या आज्याची. इतकी जुनी, की तिची काडतुसं आता दुकानात मिळतच नाहीत. तो घरीच भरतो. आमच्या मोंटानात एक नियम सगळे पाळतात: दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. दारू चिमूटभर जास्त पडली तर जुनं लोखंड फुटतं, डोळा जातो. डेलबर्ट तर सख्ख्या भावाच्या काडतुसालाही हात लावायचा नाही.

हल्ली त्याचे हात असे थरथरतात, की दारू काडतुसात कमी आणि मांजराच्या अंगावर जास्त. त्या मांजराला मी शेगडीजवळ फिरकू देत नाही! "आता पुरे कर" म्हणावं, तर बंदुकीबरोबर हाही खुंटीला टांगला जायचा. म्हणून तो दुपारी लवंडला, की मी त्याची सगळी काडतुसं उपसते, दारू तोलून पुन्हा भरते आणि होती तशी ठेवून देते. मान मोडून येते बाई.

काल त्याने एका गोळीत हरीण पाडलं. ते बघायला शेजारचा वेंडेल आला. त्याच्याकडेही तसलीच बंदूक.

"लेका डेलबर्ट, हे हात घेऊन असा नेम? नियम गेला खड्ड्यात, तुझी थोडी काडतुसं मला दे!"

डेलबर्ट कातडं सोलत होता. मान वर न करता म्हणाला,



"मला काय विचारतोस? जी भरते, तिला विचार."