मंगळवारची पाळी

"मी नसलो तर सेवा मंडळ महिनाभरात बंद पडेल," असं साऱ्या गल्लीला ऐकवून भार्गवराव मंडळातून बाहेर पडले होते. दोन वर्षांनी ते कुलूप बघायला गेले, तर दार सताड उघडं आणि रुग्णांच्या चाकाच्या खुर्चीवर रंगवलेलं: 'कै. भार्गवराव यांच्या स्मरणार्थ.'

त्यांनी आपल्या नावावर बोट ठेवलं.

"कुणीतरी बातमी आणली, तुमचा फोनही लागेना," चिटणीस सुलभाताई चाचरल्या. "खूप रडलो हो आम्ही. तुमची मंगळवारची पाळी अजून कुणाला दिली नाही."

तेवढ्यात पायाला प्लास्टर घातलेल्या आजी लंगडत आल्या. भार्गवरावांनी खुर्ची पुढे केली. "बसा आजी, मीच सोडतो घरी. आता दर मंगळवारी मीच!"

खुर्चीत टेकल्यावर आजींनी भिंतीवरचा हार घातलेला फोटो पाहिला, वळून ढकलणाऱ्याचं तोंड पाहिलं आणि त्या प्लास्टरसकट दारापर्यंत पळाल्या. तिथे त्यांचा दुसराही पाय मुरगळला.