कन्हानची ओटी

मूल होत नाही म्हणून सासू गोपिकेशी धड बोलतही नसे. त्या रविवारी मात्र तिनं स्वतःच्या हातानं सुनेच्या पिशवीत खण, नारळ, तांदूळ भरले. "ओटीचं हाय वं, जपून नेजो."

रुपराव पहिल्यांदाच बायकोला फिरायला नेत होता. पताका लावलेली सहलीची नाव कामठीच्या घाटाकडे निघाली. नवऱ्याचा खांदा खांद्याला लागत होता आणि तो सरकून बसत नव्हता. नदीच्या मध्यावर गोपिकेनं कन्हानची ओटी भरायला नारळ बाहेर काढला.

"आत्ताच काहून काढून राहिली? उतरल्यावर भर," म्हणत रुपरावनं तो परत पिशवीत टाकला.

पलीकडे देवीचं देऊळ असेल, असं तिला वाटलं. मूल झालं तर तिघं मिळून याच नावेनं दर्शनाला येऊ, असा नवसही तिनं मनात बोलून टाकला.

घाटावरच्या एका घरात नवं लुगडं नेसलेली तरणी पोरगी मान खाली घालून पाटावर बसली होती.

"हिची भर," रुपराव म्हणाला. "माहं अन् हिचं लगन लागलं का आपन तिघं त्याच नावेनं परत जाऊ."