हवालदार शेरू

देवळीजवळच्या सैन्यभरती अकादमीत रोज पहाटे साडेपाचला परेड सुरू होते. सर्वांत पुढे शेरू नावाचा बोकड चालतो. यंदा सव्वीस जानेवारीला त्याला हवालदारपदी बढतीही मिळाली. त्या सकाळी परेड संपताच अकादमीच्या संचालकांनी प्रशिक्षक किसनरावांना सांगितलं, "रविवारी पाहुणे जेवाले येऊन राह्यले. शेरूले कापून टाका."

"साहेब, मी तर नाईक म्हणूनच रिटायर झालो. सीनियरले कसं कापू?"

"मजाक नका करू, किसनराव. खाटकाले मीच बोलावतो."

दुपारी मुलांच्या सुट्टीच्या अर्जांच्या गठ्ठ्यात किसनरावांनी आणखी एक अर्ज सरकवला.



रविवारी खाटीक आला, तेव्हा हवालदार शेरू साठ दिवसांच्या रजेवर किसनरावांच्या गावी, अल्लीपूरला गेला होता. मंजुरीची सही संचालकांचीच होती.