अडकलेली मेल

बदनापूरच्या एका बियाण्यांच्या दुकानात निवेदिता कॉम्प्युटरचं काम बघायची. तीन आठवड्यांपासून तिच्या एकाही मेलला उत्तर येत नव्हतं, म्हणून मालकांनी जालन्याहून कॉम्प्युटरवाल्या कल्याणला बोलावलं. नेमकं त्याचंच तोंड तिला बघायचं नव्हतं.

"मॅडम, पोर्टच चुकलाय," सेटिंग उघडून कल्याण म्हणाला. "पंचवीस टाकलाय कोणीतरी. चारशे पासष्ट पाहिजे, आणि एन्क्रिप्शन एसएसएल. तुम्हाला मेल येतेत बराबर, पण इथून एकबी बाहेर गेली न्हाई."

"एकबी न्हाई?"

"बिलकुल न्हाई. सगळ्या आउटबॉक्समधी पडून राह्यल्यात. आता बघा, कशा जल्दी जातेत."

"थांबा!" निवेदिता ताडकन उठली. "एक मेल काढू द्या, मंग..."

तोवर त्यानं बटण दाबलं होतं. एकेचाळीस मेल सर्रकन निघून गेल्या आणि कल्याणच्या खिशातला मोबाइल वाजला. त्यानं वाचलं.

'कल्याण, तुम्ही मला आवडता. लग्न कराल का?'

त्याचे कान लालबुंद झाले. निवेदितानं ओढणीत तोंड लपवलं.

"तुम्ही उत्तरच दिलं न्हाई," ती आतूनच पुटपुटली. "मला वाटलं, न्हाईच म्हणायचंय तुम्हाला."

कल्याण मोबाइलवर टाइप करत राहिला. मग तिचा कॉम्प्युटर टुंग वाजला.



'हो! हेच मी सहा महिन्यांपासून तुम्हाला लिहून राह्यलो. माझी मेल अजून ड्राफ्टमधीच आहे.'