सहावा फ्यूज

बाईंनी दिवे बंद केले, पंखा बंद केला, पाण्याचा पंप बंद केला, तरी मीटर चारच दाखवत होता.

“म्हणजे घरात सगळे झोपलेत आणि कुणीतरी गुपचूप चार अँपिअर खातंय,” त्या म्हणाल्या.

घर म्हणजे तळ्याकाठी उभा केलेला ट्रेलर. एक पलंग, एक टेबल, खाली चाकं. गेल्या तीन सकाळी त्याच्या बॅटरीने मान टाकली होती. दिवा लागत नव्हता, नळाला पाणी येत नव्हतं. आज चार वाजता मुलगा जीप घेऊन येणार होता. ट्रेलर ओढून परत नेणार आणि कुणा गिऱ्हाइकाला विकून मोकळा होणार. “या वयात अंधारात चाचपडायची हौस पुरे झाली, आई,” असं तो फोनवर म्हणाला होता. बाईंनी त्यावर एवढंच विचारलं होतं, “चार म्हणजे नक्की चार ना?”

आता अकरा वाजले होते.

वायरमनने नवी बॅटरी आणून दाराच्या पायरीवर ठेवली होती. “बाई, कशाला डोकं शिणवता? जुनी गेलीय. बदलतो, सुटाल.”

“मोजलीत का?”

“हाताला कळतं की.”

“शाळेत माझ्या तिसरीच्या वर्गातल्या मुलांच्याही हाताला कळायचं. उत्तर मात्र चुकायचं.”

“अगं, तो म्हणतोय तर बदलून टाकू या,” पलंगावर बसलेले काका म्हणाले. “अनुभवी माणूस आहे.”

बाईंनी चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. कुठल्याही कारागिराला अनुभवी म्हणण्याची काकांची ही पहिलीच वेळ होती.

छतावरच्या सौर पॅनेलवर बाईंनी आधीच चादर टाकायला लावली होती. येणारी आणि जाणारी वीज एकदम मोजायला घेतली की हिशेबाचा गोंधळ होतो, म्हणून. मग त्यांनी फ्यूजच्या पेटीचं झाकण उघडलं. पेटीशेजारी डॉक्टरांची चिठ्ठी चिकटवलेली होती. ‘काकांना गोड पूर्ण बंद.’ ‘पूर्ण’खाली बाईंनी लाल शाईने दोनदा रेघ ओढली होती.

“वर्गात कुणी गुणगुणत असलं, तर ‘कोण आहे रे?’ असं विचारू नये,” त्या वायरमनला म्हणाल्या. “सगळेच साळसूद होतात. एकेकाला व्हरांड्यात पाठवायचं. ज्याच्या जाण्याने गुणगुण थांबली, तो आपला.”

पहिला फ्यूज दिव्यांचा. काढला. मीटर चारवरच. बाईंनी तो लगेच परत बसवला. ज्याने काही केलं नाही, त्याला बाहेर ताटकळत ठेवू नये.

दुसरा पंख्याचा. चार. तिसरा पंपाचा. चार.

“चहा टाकू का सगळ्यांना?” काकांनी विचारलं.

“नंतर.”

चौथा हीटरचा. चार.

“मला वाटतं, बॅटरीच गेलीय,” काका म्हणाले.

पाचवा गॅस गळला तर ओरडणाऱ्या भोंग्याचा. काटा केसभर हलला. “हा खातो, पण चिमूटभर. आणि सांगून खातो,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी सहाव्याला हात घातला.

“तो राहू दे ना,” काका घाईने म्हणाले. “ते पलंगाखालचं सॉकेट आहे. तिथे काहीच नाही.”

“काहीच नाही ना? मग काढायला हरकत काय?”

फ्यूज निघाला. काटा शून्याजवळ येऊन निजला. पलंगाखाली काहीतरी गुरगुरत होतं ते थांबलं, आणि थांबलं तेव्हाच ते इतका वेळ गुरगुरत होतं हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

बाईंनी पलंगाकडे पाहिलं नाही. काकांकडेही नाही.

“वर्गात काही हरवलं तर मी नाव विचारत नसे,” त्या म्हणाल्या. “पाठ करून उभी राहायचे आणि शंभरपर्यंत मोजायचे. तेवढ्यात वस्तू टेबलावर यायची.”

त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. “एक, दोन, तीन…”

चाळीसच्या सुमारास मागे काहीतरी फरशीवर घासलं. साठला झाकणाचा आवाज झाला. सत्तरनंतर पायरीशी कुणीतरी जड ओझं उचलताना कण्हलं. बाई मोजत राहिल्या. नव्वदनंतर त्यांनी मोजण्याचा वेग जरा कमीच केला.

“…शंभर.”

टेबलावर एक छोटा फ्रिज होता, बुटांच्या दोन खोक्यांएवढा. त्याच्या आत चॉकलेट आइस्क्रीमचा डबा, अर्धा संपलेला, उरलेला वितळलेला. डब्यात चमचा उभा. टेबलामागे काका हाताची घडी घालून उभे होते.

“रविवारी घेतला,” ते म्हणाले. “एवढीशी पेटी. तिला किती वीज लागणार, असं वाटलं.”

“मोजलीत का?”

काकांनी नकारार्थी मान हलवली.

“मीपण नव्हती मोजली, बाई,” असं शेजारून आलं. वायरमनही हाताची घडी घालून उभा होता. पायरी रिकामी होती. नवी बॅटरी परत त्याच्या गाडीत गेली होती.

बाईंनी मुलाला फोन लावला. “येऊ नकोस. बॅटरी धडधाकट आहे.”

“मग वीज खात कोण होतं?”

बाईंनी डब्यातल्या चमच्याकडे पाहिलं. वर्गातली गोष्ट घरच्यांना कळवायची त्यांची पद्धत नव्हती.

“सापडलं,” त्या म्हणाल्या. “आपणहून पुढे आलं.”

फोन ठेवून त्या वळल्या. दोघं अजून तसेच उभे होते.

“बसा आता खाली.”

दोघंही एकदम बसले.